सहा नंबरचं आभाळ

दसरा उलटला की आमच्या खालापूर-कर्जतच्या पट्ट्यातली हवा एकदम हलकी होते. सकाळी उशी दमट लागत नाही. काडेपेटी पहिल्या फटक्यात पेटते. माझा धंदा भंगाराचा, साजगावच्या रस्त्याला गोदाम आहे, त्यामुळे मला ऋतू लोखंडावरून कळतात. चार महिने मोटारी, पंखे, रेडिओ सगळं आतून सर्दावलेलं असतं आणि मग एका सकाळी पत्र्याचा आवाज बदलतो. ओला पत्रा जमिनीवर टाकला तर थप्प वाजतो, कोरडा खणखणतो. तो खणखणला की समजायचं, शेतावर भात कापायला आलं.

कापल्या भाताचा वास गोडसर असतो, जरा धुळकट. शनिवारी कळंबकडच्या रिसॉर्टला येणारे लोक गाडीच्या काचा खाली करून तो छातीत भरून घेतात. माझं त्या वासानं डोकं फिरतं. गेली पस्तीसेक वर्षं फिरतंय. त्या दिवसांत मी कामगारांवर जास्त ओरडतो आणि गिऱ्हाइकाला पाणीही विचारत नाही. घरचे म्हणतात, ऑक्टोबरचं ऊन बाधतं. मी त्यांचा तो समज तसाच राहू देतो.

यंदा दसऱ्याच्या आधी माझ्या थोरल्या बहिणीचा, नंदाताईचा, नेरळहून फोन आला. माळा रिकामा करतेय, येऊन भंगार घेऊन जा म्हणाली. मी स्वतः टेंपो घेऊन गेलो. तांब्याचा फुटका बंब निघाला, दोन पंखे निघाले, सायकलीचं एक चाक, आणि जुन्या चादरीत बांधलेलं एक गाठोडं. गाठोडं उचलल्याबरोबर वजनावरूनच मला कळलं आत काय आहे. ताई स्वयंपाकघरातून म्हणाली, त्यात काय नाय, टाक भंगारात. मी बाकीचं मागे टाकलं आणि गाठोडं मांडीवर घेऊन पुढं बसलो.

आत कॉम्प्युटर होता. आताच्या पोरांना सांगायला हवं, तेव्हाचा घरगुती कॉम्प्युटर म्हणजे फक्त एक जाडसर कीबोर्ड. सगळं यंत्र त्या बटणांच्या खालीच. पडदा घरच्या टीव्हीचा वापरायचा आणि केलेलं काम साठवायचं ते गाण्याच्या कॅसेटवर. चादरीत यंत्र होतं, त्याची वायर होती, आणि एक कॅसेट होती, जिच्यावर ताईच्या वळणदार अक्षरात ‘शेत’ असं लिहिलं होतं.

मला ते यंत्र एकदा, एकदाच, रंगीत टीव्हीला जोडायचं होतं. त्या कॅसेटवर माझ्या बहिणीनं काढलेलं चित्र होतं. कर्जतच्या एका क्लासमध्ये त्या चित्रावरून तिला हसले होते, हातातोंडाशी आलेली नोकरी गेली होती, आणि वर्षाच्या आत ती लग्न होऊन नेरळला भांडी घासत होती. चित्रात काही खोट नव्हती हे मला माझ्या डोळ्यांनी बघायचं होतं. नुसतं बघायचं नव्हतं. त्याचा फोटो काढून त्या क्लासवाल्याच्या तोंडावर फेकायचा होता. तो अजून आहे. काठी घेऊन सकाळी उल्हास नदीच्या पुलावर फिरायला जातो.

*

यंत्र आमच्याकडं आलं ते साजगावच्या एका साहेबांच्या घरून. ताई खोपोलीला कॉलेजात होती, मावशीकडं राहायची आणि कारखान्याच्या एका साहेबांच्या मुलांची शिकवणी घ्यायची. साहेबांची बदली झाली. मुलांना नवं खेळणं हवं होतं, म्हणून बाईंनी जुनं यंत्र ताईला दिलं. मुलांनी घरचा मोठा टीव्ही बिघडवू नये म्हणून त्याच्यासाठी एक छोटा काळापांढरा टीव्ही वेगळा ठेवलेला होता, तोही दिला. यंत्राचं पुस्तक मात्र सामानाच्या कुठल्याशा पेटीत आधीच बांधलं गेलं होतं. ताईनं त्यातली पहिली काही पानं वहीत उतरवून घेतली होती. पुढची राहिली.

आमचं गाव कळंबच्या अलीकडं. घराला कुडाच्या भिंती, वर कौलं, आणि त्यात फळीवर तो टीव्ही. सुट्टीत ताई दिवसभर त्याच्यासमोर पाट टाकून बसायची. रेघ कशी काढायची हे तिच्या वहीत होतं. रेघ काढायला यंत्राला जो हुकूम द्यायचा त्यात शून्य ते सात असा एक आकडा टाकला की ती कमीजास्त उजळ होते, हे तिचं तिनं शोधलं. शून्य काळाकुट्ट, सात पांढराशुभ्र, मधे राखाडीच्या चढत्या पायऱ्या. तिनं वहीत त्या पेन्सिलीनं रंगवून ठेवल्या होत्या. मी तेव्हा सतरा वर्षांचा, दहावीनंतर शाळा सोडलेली, खोपोलीच्या एका भंगारवाल्याकडं तराजू धरायचो. मला तिच्या आकड्यांतलं काही कळत नव्हतं. पण राखाडी मला बघवत नव्हतं. एवढी हुशार बहीण, आणि तिच्या वाट्याला राखेचे सात प्रकार.

म्हणून मी काच आणली. चाळिशीच्या पुढच्यांना ती आठवत असेल. काच कसली, प्लास्टिकचा तक्ता. वर निळा, मधे नारिंगी, खाली हिरवा, रंग एकमेकांत विरघळलेले. तो काळ्यापांढऱ्या टीव्हीच्या तोंडावर अडकवायचा, की टीव्ही रंगीत झाला. बातम्या देणाऱ्या बाईचं कपाळ निळं आणि पदर हिरवा दिसायचा, पण रंग तो रंगच. खोपोलीच्या बाजारात मी त्या दुकानदाराशी अख्खी दुपार भांडलो. तीनदा उठून निघालो, तीनदा त्यानं परत बोलावलं. शेवटी निम्म्यात घेतली. वर तो म्हणाला, महागातल्या टीव्हीत हीच काच आत बसवलेली असते रं, फक्त बसवायची मजुरी लावतात. मी ते घरी येऊन माझं स्वतःचं ज्ञान असल्यासारखं सांगितलं.

एसटीत खिडकीशी बसून मी ती काच डोळ्यांसमोर धरली होती. बाहेर भात पिकलेलं. काचेतून आभाळ होतं त्याहून निळं, भात होतं त्याहून सोनेरी, बांधावरचं गवत पावसाळ्यात असतं तसं हिरवंगार. ती बस, तो धक्का, प्लास्टिकचा नवा वास. कुणाला तरी काहीतरी कायमचं मिळवून देतोय असं वाटण्याचा तो माझ्या आयुष्यातला पहिला प्रसंग. तसं पुन्हा फारसं वाटलेलं नाही, गोदाम घेतलं तेव्हासुद्धा नाही.

त्याच काचेमागं ताईनं कापणीच्या दिवसांत ‘शेत’ काढलं. बाहेर आई-आबा विळे घेऊन वाकलेले, मी मालकाकडून आठ दिवस मागून घेऊन भारे बांधायला आलेलो, आणि दुपारी जेवायला घरी यावं तर पडद्यावर आमचंच शेत वरून खाली एकेक रेघ करत उमटत असायचं. आधी आभाळ. मग माथेरानच्या डोंगराची लांबलचक पाठ. मग भात, मग बांध, आणि बांधाजवळ वाकलेला एक काळा ठिपका, म्हणजे आबा. सगळं उमटायला दोन मिनिटं लागायची. आमची आई भाकरी थापता थापता म्हणाली, माजं शेत टीव्हीत गेलं, आता कापायला तिकडंच जा समदी.  आबा हात धुऊन आले आणि त्या ठिपक्याकडं बघत उभेच जेवले.

कर्जतच्या बाजारपेठेत टायपिंगचा एक क्लास होता. सरांनी नवीनच दोन कॉम्प्युटर आणि एक रंगीत टीव्ही घेतला होता आणि लहान मुलांना शिकवायला त्यांना कुणीतरी हवं होतं. ताई जाऊन भेटली. सर म्हणाले, तुम्ही काय केलंय ते घेऊन या. त्यांच्याकडं याच जातीचं यंत्र होतं, तेव्हा नुसती कॅसेट नेली तरी चालणार होतं.

त्या दिवसांत ताई शुद्ध बोलायला लागली. मुलांना शिकवायचं तर हाय-नाय चालणार नाही, असं तिनंच ठरवलं होतं. आमच्याकडं बाया म्हणतात, मी गेली, मी आली, मी जेवली. ताई म्हणायला लागली, मी गेले, मी आले, मी जेवले. आई तिची नक्कल करायची. आल्या का बाईसाहेब, जेवल्या का. ताई हसायची आणि पुन्हा शुद्धच बोलायची. मला त्या शुद्ध बोलण्याचा अभिमान होता आणि थोडी भीतीही. ती आमच्यापासून एकेक अक्षर करत लांब चालली आहे असं वाटायचं.

*

ज्या दिवशी ती कॅसेट घेऊन गेली त्या दिवशी आम्ही ओढ्याकडचा तुकडा कापत होतो. दुपारी तीनच्या सुमाराला ती परत आली. घरात न जाता सरळ शेतात आली, चांगली साडी तशीच खोचली आणि भारे बांधायला लागली. चेहरा लाल झालेला. मी विचारलं, काय झालं गं चित्राचं?

ती खाली बघत म्हणाली, “हसले.”

एवढंच. मी विळा बांधावर टाकला आणि सायकल काढली.

त्यानंतरचं मी पुष्कळ वेळा पुष्कळ लोकांना सांगितलेलं आहे आणि दर वेळी ऐकणारे माझ्या बाजूचे होते. जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढलो. आत आठ-दहा मुलं होती. सर टीव्हीशी काहीतरी करत होते. मी त्यांची कॉलर धरली. गरिबाच्या पोरीला हसता काय, असं विचारलं. ते म्हणाले, अरे, ऐकून तर घे. माझ्या धंद्यात समोरच्याचं पहिलं वाक्य ऐकून घेणारा माणूस तिथंच मरतो, हे मी तोवर शिकलो होतो. मी ऐकून घेतलं नाही. एक खुर्ची उलटली. एक लहान मुलगी रडायला लागली. दिवस मावळायच्या आत मी परत शेतावर होतो आणि मला फार बरं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई इस्त्रीची साडी नेसून पुन्हा कर्जतला गेली. मला वाटलं, कॅसेट राहिली असेल, ती आणायला गेली. अकराच्या आत ती कॅसेट घेऊन आली, तेव्हा माझं म्हणणं खरंच ठरलं. तिनं यंत्र चादरीत बांधलं. आईशी ती पुन्हा मी आली, मी जेवली असं बोलायला लागली. आईनं त्यावरून एकदाही चिडवलं नाही.

टीव्ही आणि काच माळ्यावर गेली. पुढं मी धंदा मांडला तेव्हा सगळ्यात आधी तोच टीव्ही फोडून त्यातलं तांबं काढलं. काच कुठं गेली आठवत नाही.

मग मी मोठा झालो. त्या रागावर मोठा झालो म्हटलं तरी चालेल. बंद पडलेल्या कारखान्यांच्या मोटारी घेतल्या, पाइप घेतले, एकदा अख्खी चिमणी घेतली. भाव तोडताना समोरच्या माणसाच्या जागी मला कायम तो क्लासवाला दिसायचा, आणि मी आणखी तोडायचो. काही वर्षांपूर्वी त्यांच्या क्लासचे जुने कॉम्प्युटर निघाले. सर स्वतः टेंपोत बसून माझ्या गोदामावर आले. मी त्यांना उन्हात तीन तास बसवून ठेवलं आणि मग माल घेत नाही म्हणून सांगितलं. ते काठी टेकत उठले आणि मला नमस्कार करून गेले. त्या नमस्काराचासुद्धा मला राग आला. ताईसमोर मात्र मी तो विषय कधी काढला नाही. तिला लागेल म्हणून.

*

घरचा नवा टीव्ही या यंत्राला ओळखसुद्धा देईना. भिंतीएवढा पडदा, त्यावर ‘सिग्नल नाही’ एवढीच इंग्रजी पाटी. मी वायर काढून घातली, टीव्हीच्या कडेला दोन चापट्या मारल्या, दुकानदाराला फोन करून शिव्या दिल्या. शेवटी गाठोडं घेऊन कर्जतला गेलो. तिथं दिनकर मिस्त्री म्हणून आहे, जिन्याखाली हातभर दुकान, आणि सगळ्या तालुक्यात मागे फुगा असलेला रंगीत टीव्ही चालू ठेवणारा आता तो एकटाच. त्यानं यंत्राकडं बघून एक आकडा सांगितला. मी सवयीनं निम्म्यावर आलो. तो चष्मा पुसत म्हणाला, शेट, तुमी भाव तोडा, मी तार जोडतो, बघू कोन आधी दमतो.

चार दिवस मी रोज गोदाम सोडून त्याच्या दुकानात जाऊन बसलो. यंत्राच्या बटणांखाली बुरशी होती, ती त्यानं कापसानं पुसली. त्याच्याकडच्या जुन्या टेपरेकॉर्डरचा रबरी पट्टा वितळून डांबर झाला होता, तो बदलला. कॅसेट लावल्यावर जो आवाज आला तो मी इतक्या वर्षांत विसरलो होतो, पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा. रस्त्यावरची कुत्री भुंकायला लागली. तीनदा ती मधेच तुटली. मिस्त्री टेपच्या आतला एक बारीक स्क्रू केसभर फिरवायचा आणि म्हणायचा, आवाज जितका कानाला टोचंल तितका बरा.

चौथ्या दिवशी दुपारी चित्र आलं. काळंपांढरं. रंगीत टीव्हीवरही काळंपांढरंच. पण आलं. आभाळ, डोंगर, भात, बांध, आबा. आबांना जाऊन अठरा वर्षं झाली. मी दुकानाबाहेर जाऊन ताईला फोन केला. म्हटलं, असशील तशी ये, तुला काहीतरी दाखवायचंय. काय ते सांगितलं नाही.

मिस्त्री म्हणाला, रंग आत हाय, पन ह्याच्या आतला रंगाचा ठेका धरनारा खडा जागेवरून सरकलाय, त्यामुळं टीव्हीला तो कळत नाय. त्यानं यंत्राचं झाकण उघडलं. लोखंडी पेचकस जवळ नेला तरी खडा बिचकतो म्हणून त्यानं बांबूची काडी तासून घेतली होती. ती काडी त्यानं आत घातली आणि श्वास रोखून फिरवली. पडद्यावर रंगाचे पट्टे धावले, थांबले, पुन्हा धावले. मग सगळं एकदम स्थिर झालं.

आभाळ पिवळं होतं. डोंगर लालभडक. भात आकाशी, आणि बांध जांभळा. त्या जांभळ्या बांधाशी माझे वडील वाकून आकाशी भात कापत होते.

मिस्त्री हसला. वाईट हेतूनं नव्हे, लग्नात कुणाचा फेटा सुटला की हसतात तसा. माझा हात वर गेला होता. मी त्याला म्हटलं, तुझा खडा चुकलाय, परत फिरव. त्यानं दुसरी वायर लावून लग्नाची एक सीडी चालू केली. नवरीची साडी लाल, केळीची पानं हिरवी, भटजींचं सोवळं पिवळं. टीव्ही बरोबर हाय शेट, तो म्हणाला, यंत्र जे सांगतंय तेच तो दाखवतोय.

मी बाकड्यावर बसलो. मला आता सगळं कळलं असं वाटलं. त्या आकड्यांना रंग होते. ताईनं ते उजेडाच्या पायऱ्या समजून घातले, आणि रंग आले ते माझ्या काचेतून. मीच तिला निम्म्या भावात आंधळं केलं, आणि मग तिनं चारचौघांत हे पिवळं आभाळ उघडं केलं. तेव्हा मला वाटलं, याहून वाईट काही नसेल.

ताई मागून आली. टमटमनं आली होती, पदरानं तोंड पुसत दारात उभी राहिली. तिनं चित्र बघितलं आणि तीही हसली. पोटातून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत, मिस्त्रीच्या बाकाला धरून.

“आगं बाई, अगदी तसंच,” ती म्हणाली. “सहा नंबरचं आभाळ.”

मी म्हटलं, हसतेस काय ताई, ह्याच्यावरूनच तर तुला ते हसले होते.

“मला कोन हसलं?”

मी तिला शेतातलं सगळं सांगितलं. तू साडी खोचून भारे बांधत होतीस, मी विचारलं काय झालं, तू म्हणालीस, हसले.  तिच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू निघून गेलं.

“आरं, मी हसली,” ती म्हणाली. “माझं सांगत व्हती मी. ‘हसली’ नाय म्हनाली, शुद्ध बोलायची ना तवा. ‘हसले’ म्हनाली.”

बाहेर टमटमवाला सुट्ट्यांवरून कुणाशी तरी वाद घालत होता, तो आवाज मला फार लांबून ऐकू यायला लागला.

मग ती बाकावर बसून सांगत गेली, जणू मागच्या आठवड्यातली गोष्ट आहे. पडद्यावर पिवळं आभाळ आलं तेव्हा सगळ्यात आधी तीच हसली. मग मुलं हसली, मग सर. सरांनी पुस्तक काढून रंगांचं पान दाखवलं. कोणता आकडा कोणता रंग, ते तिनं तळहातावर लिहून घेतलं. सर म्हणाले, पुस्तकाशिवाय कुणी एवढं केलेलं मी बघितलं नाही. कॅसेट इथंच राहू दे, रात्री आकडे वहीत जुळवून ठेवा, उद्या सकाळी येऊन बसवा, आणि मुलांना तुम्हीच शिकवा, चूक कशी झाली तिथूनच सुरुवात करा. घरी ती धावतपळत आली होती. चेहरा लाल होता तो त्यामुळं. हे सगळं आई-आबांना एकदमच सांगायचं म्हणून मला एकच शब्द बोलली आणि भारे बांधायला लागली. तिनं वर बघितलं तेव्हा मी सायकलवर होतो. तिला वाटलं, खोपोलीला मालकानं बोलावलं असेल.

सकाळी ती इस्त्रीची साडी नेसून गेली तेव्हा सर दारातच उभे होते. त्यांनी कॅसेट तिच्या हातात दिली. म्हणाले, पोरी, तुझ्यावर राग नाही, पण माझ्याकडं लहान मुलं येतात. त्यांच्या आया मला विचारणार.

मी विचारलं, तू मला तेव्हाच का नाही सांगितलंस? 

 ती उठली, यंत्रासमोरच्या स्टुलावर बसली, आणि मिस्त्रीला म्हणाली, हे बदलता येतं का अजून? मिस्त्री म्हणाला, मला त्यातलं कळत नाय ताई, तुमी बघा. तिनं पाचही बोटं बटणांवर ठेवून बघितली, ओल्या भांड्याला हात लावतात तशी. दोनदा चुकली. मग पडद्यावर तिच्या लिहिलेल्या ओळी आल्या. तिनं आभाळाचा सहा काढून पाच केला. भाताचा पाच होता, तो सहा केला. डोंगराचा दोन होता, एक केला. बांधाचा तीन होता, चार केला. चारही आकडे एकेका घरानं चुकलेले होते. कुठंही काही बघून लिहीत नव्हती. संसाराची इतकी वर्षं ते बरोबर आकडे ती डोक्यात घेऊन फिरत होती.

एक बटण दाबलं. वरून आभाळ उतरायला लागलं, स्वच्छ, पाऊस संपल्यावरचं. निळा डोंगर आला. भात आलं, पिवळंधमक. हिरवा बांध आला. शेवटी आबा आले.

 मिस्त्रीनं उगाच पेचकस उचलून खाली ठेवला. मी घड्याळाकडं बघितलं, मला सवय आहे कुठलंही काम किती वेळात झालं ते बघायची.

“दहा मिन्टं,” मी म्हटलं.

“तवाबी तेवढीच लागली असती,” ताई म्हणाली. ती पडद्याकडंच बघत होती. मग माझ्या मघाच्या प्रश्नाचं उत्तर देत म्हणाली, “सांगितलं असतं तर तू परत गेला असतास रं सरांकडं. माफी मागायला. आन माफी मागता मागता भांडून आला असतास.”

मिस्त्रीला हसू आलं, ते त्यानं खोकल्यात घातलं. ताईनं बटण बंद केलं. टेपवर उतरवून घेऊ का, असं मिस्त्री म्हणाला, तर ती म्हणाली, टेप राहू दे, डाळ भिजत घालायचीय घरी. मी तिला टमटमपर्यंत सोडलं.  रस्त्यात बोलायला जे काही तोंडाशी येत होतं ते सगळं भावतोडीसारखं वाटत होतं. मी सतरा वर्षांचा होतो. तू नीट सांगायला हवं होतंस. सरांनी तरी एकदा बोलावून विचारायचं. प्रत्येक वाक्यात मी स्वतःचं थोडं कमी करून घ्यायला बघत होतो.

त्याला आता पंधरा दिवस झाले. भात कापून झालंय, रस्त्याच्या दोन्ही कडांना भाऱ्यांच्या रचलेल्या उडव्या उभ्या आहेत, आणि वास येतो तेव्हा डोकं फिरत नाही. त्याचं काय करायचं ते मला कळत नाही. इतकी वर्षं राग होता तर निदान माझ्याकडं काहीतरी होतं. कामगारांवर ओरडायला गेलो तर मधेच शब्द संपतात, ते माझ्याकडं बघत उभे राहतात. सकाळी पुलावरून जाताना सर दिसले. मी गाडी हळू केली. त्यांनी ओळखलं की नाही माहीत नाही, काठी वर केली. मी तसाच पुढं निघून आलो.

काल दुपारी गोदामात बसून मी त्यांना काय म्हणायचं ते मनात जुळवून बघितलं. पहिलं वाक्य बरं जमलं. दुसऱ्यात मी चूक माझी होती असं म्हणालो. मनातले सर त्यावर नुसते बघत राहिले, आणि त्यांचं ते बघणं मला आवडलं नाही. तिसऱ्या वाक्याला माझा आवाज चढला होता.